अंटार्क्टिका की स्वालबार्ड? राजारामपुरीच्या काकांना जरा लांबलेलं उत्तर

काका नमस्कार, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, काका ६४ चे, काकू ५९, दोघांना एकदा तरी ध्रुवाकडं जाऊन पेंग्विन आणि पांढरं अस्वल बघायचंय, काकूंचा गुडघा कुरकुरतोय आणि गगनबावड्याच्या घाटात त्यांना हमखास उलटी होते, आणि एजंटनं एका मोठ्या जहाजाचं बाल्कनीवाल्या केबिनचं स्वस्तातलं पॅकेज दाखवलंय ते घ्यावं का. मी मंगळवार पेठेतला, गेले अकरा सीझन एक्स्पिडिशन जहाजांवर गाईड आणि रबरी बोटीचा ड्रायव्हर म्हणून काम करतोय, नोव्हेंबर ते मार्च दक्षिणेला अंटार्क्टिकात आणि जून ते ऑगस्ट स्वालबार्डला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवर, मधल्या वेळात घरी येऊन आईच्या हातचं खातो. त्यामुळं जे सांगतोय ते केलेलं सांगतोय.

आधी एक सांगून टाकतो, पेंग्विन आणि पांढरं अस्वल एका ट्रिपमध्ये बघायला मिळत नाहीत. अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला, मध्ये अख्खी पृथ्वी. हसू नका, दर सुट्टीत रंकाळ्यावर कोणी ना कोणी मला विचारतंच की अस्वल पेंग्विनला खात असेल ना रे. दोन्ही टोकं बघणारा एकच पक्षी मला माहीत आहे, आर्क्टिक टर्न, तो उत्तरेला अंडी घालतो आणि तिकडची थंडी सुरू झाली की दक्षिणेच्या बर्फाकडं निघतो. त्याला व्हिसा लागत नाही, तुम्हाला लागतो, त्यावर खाली येतो.

आता तुमचं बाल्कनीवालं जहाज. काका, ते घेऊ नका. केबिन वाईट असेल म्हणून नाही, केबिन झकास असेल, पण अंटार्क्टिकात नियम असा आहे की ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला एकाही माणसाला जमिनीवर उतरवता येत नाही. म्हणजे तुम्ही लाखो रुपये भरून, दीड दिवस विमानात काढून तिथवर जाणार आणि पेंग्विन बाल्कनीतून दुर्बिणीनं बघणार. एजंट हे सांगत नाहीत, ब्रोशरवर फक्त 'सीनिक क्रूझिंग' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ हाच, की उतरायचं नाही. आणि ५०० च्या खालच्या जहाजांचंही एक गणित आहे ते समजून घ्या. एका जागी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी जमिनीवर असू शकतात. तिकडं जाणाऱ्या बहुतेक जहाज कंपन्यांची १९९१ सालापासून एक संघटना आहे, आयॅटो म्हणतात तिला, तिचे हे नियम, आणि आम्ही गाईड लोक ते डोकी मोजून पाळतो. आता बघा, जहाजावर १०० च्या आसपास माणसं असतील तर सगळे एकदम उतरतात आणि दोन अडीच तास मिळतात. १८०-२०० असतील तर निम्मे जमिनीवर, निम्मे बोटीतून हिमनगांच्या कडेनं फेरी मारतात आणि मग अदलाबदल, हे पण चांगलंच आहे. पण ४५० असतील तर चार-पाच पाळ्या होतात, तुमच्या वाट्याला तासभर येतो, उरलेला वेळ तुम्ही लाउंजमध्ये कॉफी पीत तुमचा नंबर पुकारायची वाट बघत बसता, दवाखान्यात बसल्यासारखं. म्हणून एजंटला केबिनचे फोटो मागू नका, विचारा की प्रवासी किती, गाईड किती आणि दिवसाला लँडिंग किती. तो जर म्हणाला की विचारून सांगतो तर समजायचं काय ते.

स्वालबार्डलाही हेच, उलट आता तिकडं जास्तच कडक झालंय. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज जाऊच शकत नाही आणि त्या भागात उतरायच्या जागासुद्धा ठरवून दिल्यात, फक्त ४३. अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर, कारण तेव्हा पिल्लं लहान असतात आणि शिकारीचे दिवस असतात. काही फोटोग्राफर मंडळी लय वैतागली यावर. मी नाही वैतागलो. आपल्याकडं गवा गावाजवळ आला की शे-दोनशे पोरं मोबाइल घेऊन मागं पळतात आणि त्या जनावराचं काय होतं ते आपण बघितलंय.

आता काकूंची उलटी, कारण खरी भीती तिथंच आहे हे मला कळलं. अर्जेंटिनाच्या टोकाला उशुआया म्हणून गाव आहे, जहाज तिथून सुटतं, आणि मग ड्रेक पॅसेज लागतो, साधारण ८०० किलोमीटर उघडा समुद्र, जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठंच जमीन आडवी येत नाही, त्यामुळं वारा आणि लाटा गरागरा फिरत राहतात आणि ड्रेकच्या चिंचोळ्या जागेत कोंबल्या जातात. कधी तो रंकाळ्यासारखा शांत असतो, आणि कधी जेवणाच्या टेबलावरून ताटं घसरत शेजारच्याच्या मांडीवर जातात, मी दोन्ही बघितलंय आणि आधी सांगता येत नाही. पण गगनबावड्याला उलटी होते म्हणून ड्रेकला होणारच असं नाही, आणि झाली तरी माणूस दुसऱ्या दिवशी बरा होतो. गोळी उलटी व्हायच्या आधी घ्यायची असते हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं, ते पडल्यावर घेतात आणि मग ती पण बाहेर. आपल्याकडची ॲव्होमिन चालते पण झोप येते. कानामागं लावायचा पॅच बरेच जण नेतात, त्याला मात्र काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळं लघवीला अडत असेल तर धोका असतो, तुमच्या वयाला हे दोन्ही डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायचा नाही. केबिन खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मध्यावर घ्या, ती स्वस्त पण असते आणि हलते पण कमी. बाल्कनी वर असते, म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त झोके. आणि आलेपाक न्या, भरपूर न्या, माझ्या बरोबरचा फिलिपिन्सचा बोटवाला आता माझ्याकडून मागून घेतो.

ड्रेकला घाबरून विमानानं जायचा पण मार्ग आहे, चिलीतल्या पुंता अरेनासवरून दोन तासांत किंग जॉर्ज बेटावर उतरवतात आणि तिथून जहाज. महाग आहे, आणि धुकं आलं की विमान उडतच नाही, दोन-दोन दिवस हॉटेलात बसून राहिलेले गट मी बघितलेत. शिवाय ड्रेकमध्ये जहाजामागं अल्बट्रॉस येतात, वाँडरिंग अल्बट्रॉसचा पंखांचा पसारा तीन मीटरच्या वर, म्हणजे आपल्या बेडरूमच्या भिंतीएवढा पक्षी, पंख न हलवता तासभर तुमच्या शेजारून तरंगत जातो. ते विमानातून नाही दिसत.

गुडघा. जहाजावरून खाली गँगवेच्या जिन्यानं उतरायचं, खाली रबरी बोट हलत असते, झोडियाक म्हणतात. २०१९ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीला जवान घेऊन आले होते ना, तसलीच बोट, दहा-बारा जण कडेच्या फुग्यावर बसतात. हात कसा धरायचा हे आम्ही शिकवतो, पंज्याला पंजा नाही, मनगटाच्या वर कोपराखाली एकमेकांचं धरायचं, म्हणजे ओला हात निसटत नाही. किनाऱ्यावर बोट टेकली की घोटा-दीड घोटा पाण्यात उतरायचं, बूट जहाजवालेच देतात बहुतेक. जोतिबाला पार्किंगपासून देवळापर्यंत काकू काठी घेऊन, मध्ये दोनदा थांबून जाऊन येत असतील तर त्यांना हे जमेल. माझ्या बोटीत ८१ वर्षांच्या आजी होत्या, त्या उतरायच्या आणि किनाऱ्यावरच उभ्या राहायच्या, पेंग्विनच त्यांच्याकडं यायचे, वर चढून घामाघूम झालेल्यांपेक्षा त्यांनाच जास्त दिसलं. एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगतो, जमिनीवर संडास-बाथरूम नाही आणि कुठंही बसायची परवानगी नाही. उतरायच्या आधी जाऊन यायचं, सकाळचा दुसरा चहा टाळायचा. हसण्यावारी नेऊ नका, यामुळं मला भर लँडिंगमध्ये लोकांना परत जहाजावर सोडायला जावं लागलंय.

थंडीचा बाऊ करू नका. डिसेंबर-जानेवारीला अंटार्क्टिक पेनिन्सुलावर, म्हणजे आपली जहाजं जातात त्या द्वीपकल्पावर, शून्याच्या दोन-चार अंश इकडं-तिकडं असतं, मारतो तो वारा आणि ओल. जीन्स अजिबात नाही, कॉटन भिजलं की गेलात. खाली थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी न शिरणारी पँट, ही पँट सगळ्यात महत्त्वाची, जाकीट बऱ्याच जहाजांवर मिळतं. हातमोजे दोन, पातळ आत आणि जाड वर, कारण फोटो काढायला जाड मोजा काढला जातोच.

हे सगळे कपडे नवे घ्या किंवा धुऊन, आणि हा मुद्दा माझ्या जिवाभावाचा आहे म्हणून जरा बोलतो. ड्रेक पार करताना प्रत्येकाचं सामान तपासलं जातं, व्हॅक्यूम क्लीनर घेऊन लाइन लागते, वेलक्रोच्या पट्ट्या चिमट्यानं साफ करतात. पहिल्यांदा लोकांना वाटतं काय हा तमाशा. एकदा आपल्याच भागातले एक पाहुणे होते, त्यांच्या जाकिटाच्या खिशातून बडीशेप निघाली, मूठभर, आणि पायमोज्यातून मसाई पठारावरची कुसळं, गेल्या पावसाळ्यात चिकटलेली. ते म्हणाले एवढ्यानं काय होतंय. किंग जॉर्ज बेटावर आपल्या लॉनवर उगवतं तसलं एक साधं गवत, पोआ ॲन्युआ, माणसांबरोबर येऊन रुजलंय, आणि ते काढता काढता शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ आलेत. हे सांगितल्यावर त्या पाहुण्यांनी स्वतःच सगळे खिसे उलटे करून दाखवले. वर २०२३ ला बर्ड फ्लू तिकडच्याच साऊथ जॉर्जिया बेटापर्यंत आला आणि फेब्रुवारी २०२४ ला अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही सापडला, तेव्हापासून जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, बॅग खाली ठेवायची नाही, फक्त बुटाचा तळ बर्फाला लागला पाहिजे. बूट जाताना-येताना औषधाच्या पाण्यात धुवायचे. खाण्याची वस्तू जमिनीवर न्यायची नाही, कांदा-लसूण चटणी केबिनमध्येच. व्हेज जेवण मिळतं, बुकिंग करतानाच लेखी कळवा, भारतीय आचारी पण असतात कधी कधी, त्यांना जाऊन भेटा, दुसऱ्या दिवशी वरण-भात येतो.

महिना कुठला हे तुम्ही विचारलंच नाही, आणि खरं तर जहाजानंतर तेच विचारायचं असतं. नोव्हेंबरला बर्फ स्वच्छ, पेंग्विनच्या जोड्या जमत असतात, फोटो सुंदर येतात, पण बर्फ मांडीएवढा भुसभुशीत, काकूंना नको. डिसेंबरच्या शेवटाला पिल्लं फुटायला लागतात. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य, हा तुमच्यासाठी मी धरतो, बर्फ बराच वितळलेला असतो, पिल्लं मोठी झालेली असतात आणि देवमासे भरपूर. वासाची तयारी ठेवा. पेंग्विनची वस्ती दिसायच्या आधी नाकाला कळते, सुकट आणि कोंबड्यांचा खुराडा एकत्र करा तसा वास, आणि सगळीकडं गुलाबी चिखल, कारण क्रिल, म्हणजे तिकडची कोळंबीसारखी बारकी लाल जिवटं, खाल्लेलं असतं. पहिल्या दिवशी सगळे नाक धरतात, चौथ्या दिवशी कोणाला काही वाटत नाही, मुंबई विमानतळावर मात्र टॅक्सीवाला काच खाली करतो.

पेनिन्सुलावर तीन जातीचे पेंग्विन दिसतात, जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली. चित्रात बघतो तो उंच एम्परर नेहमीच्या ट्रिपला दिसत नाही, तो दिसला तर नशीब. किंग पेंग्विन हवे असतील तर साऊथ जॉर्जियाला जावं लागतं, सेंट अँड्र्यूज बे ला लाखाच्या वर जोड्या, पण ती ट्रिप २० दिवसांच्या आसपासची आणि समुद्र जास्त. तुम्हाला जेंटूच भेटणार, कुव्हरव्हिल बेटावर किंवा नेको हार्बरला. नियम पाच मीटरचा आहे पण तो पेंग्विनला माहीत नाही, तुम्ही शांत उभे राहिलात तर तो येऊन तुमच्या बुटाची लेस ओढेल, तेव्हा तुम्ही हलायचं नाही. त्यांची रोजची जायची-यायची पायवाट असते, बर्फात खोल पडलेली, ती आडवी आली तर थांबून त्यांना आधी जाऊ द्यायचं. तुमचा पाय बर्फात खोल रुतला तर तो खड्डा बुजवूनच पुढं जायचं, नाहीतर पेंग्विन त्यात पडतो आणि त्याला वर येता येत नाही. फेब्रुवारीत एक खेळ बघायला मिळतो, समुद्रातून आई किंवा बाप पोट भरून येतो, दोन जाडजूड पिल्लं मागं लागतात, आणि तो चक्क पळ काढतो, अख्ख्या वस्तीतून धावाधाव, जे पिल्लू शेवटपर्यंत पळतं त्याला घास मिळतो. दगडांची चोरी तर कायमचीच, एक जण शेजाऱ्याच्या घरट्यातला खडा उचलून आपल्या बायकोसमोर ठेवतो, आणि तो तिकडं वळला की तिसरा येऊन तोच खडा पळवतो. तासभर एका जागी उभं राहिलं की आपल्या गल्लीचं राजकारण कळाल्यासारखं सगळं कळायला लागतं. म्हणून म्हणतो, पंधरा जागा बघण्यापेक्षा एका जागी जास्त वेळ मिळेल असं जहाज घ्या.

देवमासे म्हणजे हंपबॅक. खाऊन सुस्तावले की पाण्यावर ओंडक्यासारखे पडून झोपतात, आम्ही इंजिन बंद करतो आणि मग फक्त श्वासाचा आवाज, फुस्स करून, आणि वारा आपल्याकडं असला तर सडक्या माशाचा वास. बुडी मारताना शेपूट वर येतं, तिच्या खालच्या बाजूची पांढरी-काळी नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटाच्या ठशासारखी. तिचा फोटो काढा, हॅपीव्हेल म्हणून वेबसाइट आहे तिथं टाकला की तोच प्राणी आधी कुठं दिसला होता ते कळतं, आणि पुढं कोणाला दिसला तर तुम्हाला मेल येतो.

माझी एक फजिती सांगतो. दुसऱ्या सीझनला शॉर्टकट मारायच्या नादात बोट बर्फाच्या तुकड्यांच्या दाट पट्ट्यात घातली, पंख्यात बर्फ अडकला, इंजिन बंद. दहा माणसं घेऊन पाऊण तास तिथंच, आणि त्यात एक लेपर्ड सील, म्हणजे पेंग्विनची शिकार करणारा मोठा सील, आला, बोटीभोवती फिरला आणि मागचा फुगा चावून बघितला त्यानं. बोटीला हवेचे वेगवेगळे कप्पे असतात म्हणून काही झालं नाही, पण हवा सुटायचा तो आवाज अजून कानात आहे. लीडरनं रात्री जे झापलं ते इथं लिहिता येणार नाही. तेव्हापासून गाईड 'आज तिकडं नाही जायचं' म्हणाला की मी का विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. ब्रोशरमध्ये लमेअर चॅनल, म्हणजे डोंगरांमधली एक चिंचोळी सामुद्रधुनी, लिहिलेलं असतं, तिथं बर्फ भरला तर जहाज वळतं, आणि दरवेळी कोणीतरी ब्रोशर घेऊन भांडायला येतो. एक्स्पिडिशन म्हणजे एसटीचं टाइमटेबल नव्हे हो.

आता अस्वल. खरं सांगतो, ते दिसेलच अशी गॅरंटी देणारा खोटं बोलतोय. स्वालबार्डला आम्ही पाळीपाळीनं ब्रिजवर, म्हणजे कॅप्टन जहाज चालवतो त्या खोलीत, चार-चार तास दुर्बीण लावून बसतो, आणि नवख्याला वाटतं पांढऱ्यावर पांढरं कसं दिसणार. ते पांढरं नसतंच, बर्फाशेजारी ते आपल्या चांगल्यातल्या पिवळ्या गुळाच्या रंगाचं दिसतं, म्हणून पिवळा ठिपका शोधायचा. दाजीपूरला गव्यासाठी पहाटे गप्प बसायची सवय असेल तर तुम्हाला मजा येईल, नसेल तर कंटाळाल. आणि नवीन अंतरामुळं कॅमेऱ्यापेक्षा चांगली दुर्बीण घ्या, ८ बाय ४२ किंवा १० बाय ४२, दोघांना दोन, एकीवर भांडणं होतात. जमिनीवर उतरलं की आधी बंदूकवाले गाईड सगळा परिसर बघून येतात आणि मगच तुम्हाला सोडतात, घोळक्यातून बाजूला जायचं नाही, तिथं नियम मोडला तर जीव जातो, तुमचा नाहीतर अस्वलाचा. २०१८ ला एका जहाजाच्या गाईडवर अस्वलानं हल्ला केला, गाईड जखमी झाला आणि अस्वलाला गोळी घालावी लागली, ते आमच्यातले कोणी विसरलेलं नाही. अस्वल नाही दिसलं तरी वॉलरस दिसतात, एकमेकांवर लोळत ढेकर देत पडलेले, आणि आल्कफेल्लेट म्हणून उभा कडा आहे त्यावर हजारो गिलेमॉट पक्षी, खाली बोटीत टोपी घालून बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं, का ते कळेलच.

स्वालबार्डचा फायदा असा की ड्रेक नाही, जहाज बरंचसं खाडीतून फिरतं, ओस्लोवरून तीन तासांत लाँगइयरब्येन. पण व्हिसाची एक मेख आहे ज्यात भलेभले अडकतात. १९२० च्या करारामुळं स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या, बाहेर आहे आणि जायचं नॉर्वेतून. म्हणजे ओस्लोहून निघालात की शेंगेन सोडलं, आणि परत आलात की दुसऱ्यांदा प्रवेश. सिंगल एंट्री व्हिसा असेल तर परतीला अडकाल. मल्टिपल एंट्रीच मागायची आणि हातात आल्यावर स्टिकर वाचायचं. अंटार्क्टिकासाठी अर्जेंटिनाचा व्हिसा, आणि उशुआयाला निदान एक दिवस, जमलं तर दोन दिवस आधी पोचायचं. बॅग मागं राहिली तर जहाज थांबत नाही, म्हणून गोळ्या, चष्मा, थर्मल हातातल्या बॅगेत, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या.

पैसे. दहा-अकरा दिवसांच्या अंटार्क्टिका ट्रिपला चांगल्या छोट्या जहाजावर माणशी ७-८ हजार डॉलरपासून १५ हजारांच्या पुढं काहीही, विमान वेगळं. तिघांच्या केबिनमध्ये स्वस्त पडतं, तुम्ही दोघं आहात, खालच्या डेकवरची गोल खिडकीवाली बघा. इन्शुरन्समध्ये हेलिकॉप्टर-विमानानं हलवायचा खर्च आणि ध्रुवीय प्रदेश दोन्ही लिहिलंय का ते स्वतः वाचा, जहाजावर डॉक्टर असतो पण हॉस्पिटल दोन दिवस लांब असतं, आणि जुनं दुखणं लपवू नका. त्यातली मेख अशी की लपवलं तर क्लेम जातो.

आम्ही एवढ्या लोकांनी तिकडं जावं का, हा प्रश्न माझ्या पुतणीनं विचारला होता आणि मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही. २०२३-२४ च्या सीझनला १ लाख २० हजारांच्या वर लोक गेले, मी त्यातलाच एक आणि त्यावर पोट भरणारा. पेनिन्सुलावर अडेली कमी होताना आणि जेंटू दक्षिणेला सरकताना मी माझ्या अकरा वर्षांतच बघतोय. एवढंच म्हणेन की जायचंच असेल तर एकदा जा, छोट्या जहाजानं जा.

तुम्ही दोघांनी एकच निवडायचं असेल तर माझं मत अंटार्क्टिका, १०० ते २०० प्रवाशांचं जहाज, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. अस्वल रुसू शकतं, पेंग्विन रुसत नाहीत. मोठ्या जहाजाचा ॲडव्हान्स भरला नसेल तर भरू नका, भरला असेल तर रद्द करायच्या अटींचा कागद मला दाखवा. या रविवारी काकूंना घेऊन जोतिबाला जाऊन या आणि उतरताना गुडघा किती बोलला ते कळवा, चढताना नाही, उतरतानाच, कारण गँगवेला तेच लागतं. मी ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत घरी आहे.